आधी आजीला बसायला जागा द्या

गल्ली पोरांची आहे की गाड्यांची, हे ओळखायची माझी एक खूण आहे. दुपारी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबते, पोरगं दप्तर घेऊन आत पळतं. दप्तर टाकून ते पाच मिनिटांत परत बाहेर आलं, तर गल्ली पोरांची. नाही आलं, तर गाड्यांची. बावीस वर्षं शाळेची रिक्षा चालवतोय, पुण्याच्या पूर्व भागातल्या पेठांमधून. ही खूण चुकल्याचं मला आठवत नाही.

सात वर्षांपूर्वी आमच्या बोळात कुणीच परत बाहेर येत नव्हतं. आता संध्याकाळी पंचवीसेक पोरं असतात. काय केलं, कसं केलं, हे पालक विचारतात, आणि सिग्नलला उभं राहून सांगून होत नाही, म्हणून लिहून काढतोय. बोळ आमचा दीडशे पावलांचा. रुंदी कुठे अठरा फूट, कुठे बारा. सहा जुने वाडे, त्यातले दोन टेकू लावलेले, चार नव्या इमारती, एक पिठाची गिरणी, एक किराणा, एक गणपती मंडळ. तुमच्याकडे सोसायटी असेल, वस्ती असेल, मापं बदलतील. क्रम मात्र बदलू नका: आधी मोजणी, मग कचरा, मग बसायची जागा, मग गाड्या आणि खेळणी अगदी शेवटी. सगळीकडे उलटं होतं. कुणाच्या तरी निधीतून घसरगुंडी येते, नारळ फुटतो, फोटो निघतात आणि वर्षभरात घसरगुंडीखाली कुत्री झोपलेली असतात.

मोजणी म्हणजे काही मोठं नाही. शंभर पानी वही घ्या आणि लागोपाठ तीन दिवस संध्याकाळी पाच ते साडेसात एका ठिकाणी बसा. कोण बाहेर आलं, अंदाजे वय, कुणाबरोबर, किती वेळ थांबलं, का गेलं, एवढंच लिहा. यातला एक दिवस रविवार असू द्या. मी गिरणीच्या पायरीवर बसायचो. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, हा कर्जवसुलीला लागला की काय.

तिसऱ्या दिवशी वही वाचली आणि ट्यूब पेटली. सहा वर्षांखालचं एकही पोर एकटं आलेलं नव्हतं, जे आलं ते आजीचं किंवा आईचं बोट धरून. आणि परत जाण्याच्या रकान्यात पोराचं कारण कुठेच नव्हतं. "पाय दुखतात." "कुकर लावायचाय." "उभं किती राहणार?" पोर खेळून कंटाळत नव्हतं, आजी उभी राहून थकत होती. दहा-बारा मिनिटांत दोघं घरात. म्हणजे आमच्याकडे खेळण्याची टंचाई नव्हती, टेकायच्या जागेची होती. पुढचं सगळं यातून निघालं.

मोजणीचा दुसरा भाग गुडघ्यांवरचा. पुणे महापालिकेनं २०१९च्या सुमारास बर्नार्ड व्हॅन लीअर फाउंडेशनबरोबर 'अर्बन९५' नावाचं काम हाती घेतलं होतं. ९५ सेंटीमीटर म्हणजे साधारण तीन वर्षांच्या पोराची उंची. त्या उंचीवरून शहर कसं दिसतं ते बघा, अशी ती कल्पना. मला पटली, कारण रिक्षात मागे बसलेली पोरं जे बघतात ते मला कधीच दिसत नाही. तर, गुडघ्यांवर बसून बोळातून एक फेरी मारा. लोक हसतात, हसू द्या. मला काय दिसलं: उभ्या केलेल्या मोटारसायकलींचे सायलेन्सर बरोबर पोराच्या मांडीला लागतील अशा उंचीवर. विजेच्या डीपीचं, म्हणजे रस्त्यावरच्या वीजवाटपाच्या पेटीचं, दार खालून उघडं, वरून बघितलं तर बंद वाटतं. गटाराच्या जाळीची फट पोराचा पाय जाईल एवढी. आणि दुकानांच्या पाट्या, झुंबरं, रोषणाई सगळी वर. खाली नुसत्या पिचकाऱ्या.

डीपीसाठी फोटोसकट तक्रार करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. हे काम थांबायचं नाही, बाकी सगळं थांबलं तरी चालेल.

आता कचरा. आमच्या कोपऱ्यावर ढीग होता. पालिकेच्या भाषेत त्याला 'क्रॉनिक स्पॉट' म्हणतात, जुनाट खोकल्यासारखं. सगळ्यांचं मत एकच: बाहेरचे लोक टाकतात. मी सकाळी सव्वासहाला रिक्षा काढतो, त्यामुळे मला माहीत होतं की टाकणारे आमचेच. पण कोण, यापेक्षा का, हे शोधा. आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई आठच्या सुमारास दारात येतात. साडेसहा-सातला कुलूप लावून कामाला जाणारी नऊ घरं होती. ती कचरा कुणाकडे देणार? जाता जाता कोपऱ्यात. यांना दंडाची पाटी दाखवून काही होत नाही. प्रत्येक घराला शेजारचं एक घर ठरवून दिलं. ओला-सुका डबा रात्री शेजाऱ्याकडे, सकाळी तो ताईंच्या हातात. नवापैकी सात घरांचं असं सुटलं. उरलेल्या दोघांना किराणावाल्यानं सांभाळलं.

ढीग उठला की त्या जागी त्याच दिवशी काहीतरी करा. एक रात्र मोकळी गेली तरी सकाळी पिशवी येते. आम्ही राडारोडा उचलून जमीन धुतली आणि बायकांनी रांगोळी काढली, पंधरा दिवस रोज. भिंतीवर देवांच्या फरश्या लावायला मी विरोध केला. लोक थुंकत नाहीत हे खरं, पण मग तिथे हळूहळू दिवा येतो, दानपेटी येते आणि पोरांना "चपला काढा" सांगणारा एक जण येतो.

तो कोपरा मोकळा झाल्यावर कळलं, जागा नऊ बाय चौदा फूट आहे. इथे घाईनं सिमेंट ओतू नका. जागा कुणाची ते बघा. नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिका निघते, तिच्यावरून मालक कळतो. पालिकेची असेल तर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तोंडी "करा की" म्हणणारा माणूस सहा महिन्यांत बदलून जातो. आमची अर्धी जागा वाड्याच्या मालकांची निघाली. ते बिथरले, उद्या तुम्ही कबजा सांगाल म्हणाले. त्यांचंही बरोबर, पेठेत असे खटले दोन दोन पिढ्या चालतात. आम्ही त्यांना लिहून दिलं की या जागेवर आमचा कसलाही हक्क नाही आणि तुमच्या अर्ध्यात आम्ही पक्कं काही बांधणार नाही. त्यांच्या बाजूला फक्त उचलता येणारी बाकडी.

नव्या भागात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर लेआउट केलं की दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती तुमच्या मंजूर नकाशात असते. नकाशा मागून घ्या आणि ती जागा आज काय करतेय ते बघा. बऱ्याचदा तिथे पार्किंग असतं, नाहीतर हिरवळ आणि "येथे खेळू नये" अशी पाटी.

कट्टा

आमचा पहिला कट्टा फसला. शांत म्हणून बोळाच्या आतल्या टोकाला बांधला. महिनाभरात रात्रीची मंडळी बसायला लागली आणि एका सकाळी शेजारच्या चिमुरडीच्या तळव्यात काच गेली. मी माझ्या हातानं पहार घेऊन तो फोडला. एक गोष्ट शिकलो: पोरांची जागा शांत नको, डोळ्यांसमोर हवी. दुसरा कट्टा कोपऱ्यात, रात्री दहापर्यंत उघड्या असणाऱ्या किराणा दुकानासमोर. वर दिवा. पाच वर्षांत बाटली सापडलेली नाही.

उंची कशी ठरवली ते सविस्तर सांगतो, कारण इथे गवंडी आपल्या सवयीनं बांधून मोकळा होतो. चार आज्यांना बोलावलं आणि तीन इंची विटा नुसत्या एकावर एक रचल्या. चार विटांवर बसल्या तर उठताना हात द्यावा लागला. सहा विटांवर बुटक्या आजींचे पाय लटकले. "शाळेतल्या बाकावर बसवलंस रे," म्हणाल्या. पाच विटा आणि वर दीड इंची शहाबादी फरशी, म्हणजे बेचाळीस सेंटीमीटरच्या आसपास, यावर चौघींचंही एकमत झालं. मागे टेकायला भिंत हवी. दोन माणसांमागे एक दणकट लोखंडी दांडा हवा, धरून उठायला. त्या दांड्याचा दुसरा फायदा असा की कट्ट्यावर आडवं होऊन कुणाला झोपता येत नाही. फरशी खडबडीत ठेवा. गुळगुळीत ग्रॅनाइट पावसात घसरवतं. आणि बांधण्याआधी एप्रिलमध्ये एकदा नि डिसेंबरमध्ये एकदा पाच वाजता तिथे उभं राहून सावली कुठे आहे ते बघा. डिसेंबरात सुखाची वाटणारी जागा एप्रिलमध्ये तवा असते.

सामान सहा हजार चारशेचं लागलं. गवंडी मंडळाचाच कार्यकर्ता होता, त्यानं मजुरी घेतली नाही, पण त्याला रोज दुपारी जेवण घरोघरी ठरवून दिलं होतं. हे न विसरता करा.

कट्टा झाल्यावर आठवडाभरानं परत मोजलं. तीच पोरं, तोच बोळ. थांबण्याचा वेळ बारा मिनिटांवरून पाऊण तासाच्या पुढे गेलेला. आज्या बसल्या म्हणून आया भाजी निवडायला बाहेर येऊ लागल्या, आणि एकीचं लक्ष म्हणजे सगळ्या पोरांवर लक्ष.

गाड्या

गतिरोधक मागू नका आणि स्वतः तर मुळीच करू नका. मी तीनचाकीवाला आहे, मला विचारा. रिक्षाचं पुढचं चाक मधोमध, मागची दोन बाजूंना, त्यामुळे गल्लोगल्ली असतात तसल्या जेमतेम दीड फूट रुंदीच्या उंचवट्यावर मागच्या पोरांची डोकी टपाला आपटतात. ताशी पंचवीसच्या वेगासाठी भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे सावकाश चढ, सावकाश उतार. आमच्या बोळात तेवढा बसवला असता तर दोन घरांच्या उंबऱ्यांपुढे डोंगर झाला असता.

आम्ही केलं ते असं. बोळाच्या तोंडाशी दोन मोठ्या कुंड्या ठेवल्या, एक डाव्या अंगाला, पुढे दहा पावलांवर एक उजव्या अंगाला. गाडीला नागमोडी यावं लागतं, वेग आपोआप उतरतो. कुंडी दोघांना उचलता येईल एवढीच हवी, कारण अँब्युलन्स आणि अग्निशमनची गाडी आत आली पाहिजे. हे वाहतूक पोलिसांच्या कानावर घालून, लेखी देऊन करा.

उभ्या गाड्यांचं भांडण मोठं. सतरा दुचाकी होत्या. "काढा" म्हटलं की कुणी काढत नाही. मी खडूनं मधल्या चाळीस पावलांची चौकट आखली आणि एवढंच मागितलं: पाच ते साडेसात इथे गाडी नको, बाकी वेळ तुमचाच रस्ता. जागा कुठे करायची? मंडळानं आपल्या समोरची पट्टी दिली. पंधरा दिवस खडूच होता. रोज पुसला जायचा, रोज पोरं आखायची. त्या पंधरा दिवसांत चौकट दोनदा सरकवावी लागली, कारण गिरणीवाल्याच्या पोत्यांचा टेम्पो लक्षातच आला नव्हता. मग पांढरा रंग. आधी खडू, मग रंग, मग सिमेंट, हा नियम कशालाही लावा. पहिल्याच दिवशी सिमेंट ओतलं असतं तर गिरणीवाला आयुष्यभर बोलला नसता.

झाडाचं. बोळात एक करंज आहे, त्याच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉकनं गळा आवळला होता. खोडाभोवती मीटरभर माती मोकळी केली, पुढच्या वर्षी सावली दिसायला लागली. फांदी तोडायची तरी परवानगी लागते, १९७५चा वृक्ष कायदा आहे. स्वतः कुऱ्हाड घेऊ नका. लावताना एवढं बघा की पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी, आणि मोगली एरंड जवळपास नको. लहानपणी आम्ही सगळेच बिट्ट्यांनी खेळलो, पण आतली बी जहरी असते. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात आणि ओकाऱ्यांनी दवाखान्यात जातात. आमच्याकडे पडक्या वाड्यात दोन झाडं उगवली होती, मुळासकट काढली.

अंगणवाडी असेल तर तिच्या ताईंना पहिल्याच दिवशी बरोबर घ्या. १९७५च्या २ ऑक्टोबरपासून ही योजना चालू आहे, शून्य ते सहाची सगळी पोरं त्यांच्या रजिस्टरमध्ये असतात. तुमच्या तीन दिवसांच्या वहीपेक्षा त्यांना जास्त माहीत. शहरात अंगणवाडी बहुधा भाड्याच्या खोलीत, दाराबाहेर उभं राहायलाही जागा नाही. आम्ही त्यांच्या दारात एक बाकडं आणि चपलांचा एक कप्पा ठेवला. लसीकरणाच्या दिवशी ओल्या बाळंतिणी त्या बाकड्यावर बसतात. एवढंच केलं, पण ताई तेव्हापासून आमच्या.

खेळणी म्हणाल तर टायर. रिक्षाचा जुना टायर, चार-शून्य-शून्य आठचा, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळतो. मोटारीचे रेडियल टायर घेऊ नका. ते झिजले की पोलादी तारा बाहेर येतात, रिक्षाच्या टायरात नायलॉन असतं. अर्धे जमिनीत गाडा, वर रंग. आमची चूक ही झाली की आडव्या ठेवलेल्या टायरांना भोकं पाडली नाहीत. जुलैत आत पाणी साठलं, डास झाले आणि आरोग्य खात्याच्या माणसानं नोटीस हातात ठेवली. डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो, त्यामुळे नोटीस चूक नव्हती. प्रत्येक आडव्या टायरला तळाशी चार भोकं, अंगठा जाईल एवढी. वाळूचा हौद करायचा असेल तर रात्री झाकायला ताडपत्री हवीच, नाहीतर मांजरं त्याचा संडास करतात.

पैसे. छोट्या गोष्टी वर्गणीतून होतात. मंडळाला सांगून आम्ही ठराव केला की दरवर्षीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा बोळाचा. मांडवासाठी पाडलेले खड्डे विसर्जनानंतर आठ दिवसांत बुजवायचे, हेही त्याच ठरावात. कट्ट्यावर कुणाचंही नाव कोरायचं नाही, हे आधीच ठरवा. एक नाव आलं की दुसऱ्याला सौजन्याची पाटी हवी असते. मोठं काम, दिवे, पदपथ, जाळ्या, यासाठी पुण्यात २००६-०७पासून अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात. फॉर्म सहसा पावसाळ्याच्या शेवटाकडे घेतात, तो काळ चुकवू नका. "परिसर सुधारावा" असं लिहिलेला फॉर्म फायलीत मरतो. "किराणा दुकानासमोरच्या खांबावर एक दिवा, गिरणीजवळच्या तीन जाळ्या बदलणे, मापं अशी, फोटो जोडला आहे" असं लिहा. पालिकेच्या जेई साहेबांना, म्हणजे कनिष्ठ अभियंत्यांना, एस्टिमेट करायला सोपं जाईल तेवढं काम पुढे सरकतं. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा 'स' यादीवर, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीवर, भिस्त ठेवणाऱ्यांची कामं अडली, आमचे दिवे आले. मुंबईकरांकडे १९९७पासून एएलएमची (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांनी पालिकेबरोबर मिळून परिसर सांभाळण्याची) पद्धत आहे, घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालेली; तिकडे वॉर्ड ऑफिसात तीच चौकशी करा.

मोठ्या पोरांना हाकलू नका. पंधरा-सोळाची मुलं पोरांची जागा बळकावतात म्हणून आज्या करवादायच्या. त्यांना आठ ते साडेनऊ बॅडमिंटनला चौकट दिली आणि जाळीची, दिव्याच्या बटणाची जबाबदारीही. आता रात्री शेवटचा दिवा तेच बंद करतात.

मुलींचं मात्र अजून जमलेलं नाही, आणि ते लपवत नाही. माझ्या वहीत अकरा-बारा वर्षांनंतर मुली दिसेनाशा होतात. दिवा आल्यावर पाच जणी दोरीच्या उड्यांना यायला लागल्या, पुढे दोघी उरल्या. त्यांनाच विचारलं तर म्हणाल्या, "काका, कट्ट्यावर सगळ्या आज्या आमच्याकडेच बघत बसतात." म्हणजे लहानग्यांसाठी जे डोळे हवे होते, तेच यांना नको होते. मंडळाची खोली मंगळवार-शुक्रवार फक्त मुलींना, असं यंदा सुरू केलंय. चावी त्यांच्याकडेच.

राहिली निगा. बोल्ट सैल होतात, रंग उडतो, पावसात फरशीवर शेवाळ धरतं. तपासणीची तारीख ठरवून बघितली, कुणाच्या लक्षात राहिली नाही. संकष्टी राहते. म्हणून दर संकष्टीला आरतीआधी दोन जण पाना आणि खराटा घेऊन फिरतात: दांडे हलवून बघायचे, टायरची भोकं काडीनं मोकळी करायची, जाळ्या, डीपीचं दार. वहीत सही. ज्याची पाळी चुकेल, त्यानं पुढच्या संकष्टीला मोदक आणायचे. गेल्या महिन्यात मी चुकलो, एकवीस आणावे लागले.